थार, जिम्नीला मोठे टायर टाकायचेत? साइझ ठरवताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, वाशी, तुर्भेकडच्या टायरच्या दुकानांत थार, जिम्नी, गुरखावाल्यांची गर्दी व्हायला लागते आणि बरेच जण साइझ ठरवतात ती रीलमधली गाडी बघून. मला मनापासून सांगावंसं वाटतं की साइझ आधी कागदावर ठरवा, आणि गाडी आठवडाभर जिथे चालते त्या रस्त्यासाठी ठरवा. आपल्याकडची ऑफरोड गाडी सोमवार ते शुक्रवार घोडबंदर रोड, ऐरोलीचा पूल, शीळफाटा हेच करते आणि एखाद्या रविवारी मुरबाड-माळशेजच्या कच्च्या रस्त्याला लागते. टायरने दोन्ही कामं करायची आहेत, आणि पहिलं काम जास्त वेळा.

सगळ्यात मोठा गोंधळ आकड्यांचा. २५५/६५ आर १८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. पूर्ण चाक किती उंच हे काढायचं तर साइडवॉल दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. ही थारची १८ची साइझ आली ७८९ मिलिमीटर. थारच्याच खालच्या व्हेरियंटला २४५/७५ आर १६ येतात, ते भरतात ७७४. रिम दोन इंच लहान आणि चाकाच्या उंचीत फरक फक्त १५ मिलिमीटरचा. म्हणजे रिमचा आकडा मोठा म्हणून चाक मोठं असं काही नसतं, आणि एवढं एक गणित मोबाइलवर केलं तरी निम्म्या चुका दुकानात जायच्या आधीच टळतात.

आता हेच न बघता लोक थारला २० इंची अलॉय टाकतात. उंची जुळावी म्हणून दुकानदार २५५/५५ आर २० देतो, चाक तेवढंच ७८९च्या आसपास राहतं, पण साइडवॉल १६६वरून १४० वर येते. रबर कमी झालं, धातू वाढला, आणि ही गाडी तुम्ही जुलैत गायमुखच्या घाटात घालणार. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही, चाक कडेला आपटतं, रिम वाकते नाहीतर साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही तो सरळ बदलायचाच. माझं मत विचाराल तर ऑफरोड करणाऱ्याने १८वरून १६ला यावं, वर जाऊ नये. साइडवॉल १८ मिलिमीटर वाढते, खड्ड्यातला दणका टायर खातो, कच्च्यात हवा कमी करून चालवायलाही जागा मिळते. फक्त लहान रिम घेताना ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) आतून घासत नाही ना ते एक चाक लावून हाताने फिरवून बघा, रिमच्या डिझाइनप्रमाणे आतली जागा बदलते.

दुसरं, ग्राउंड क्लिअरन्स वाढतो म्हणून मोठे टायर. वाढतो, पण अर्धाच. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ येतात, उंची ६९३. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकले तर चाक ७३३ च्या वर जातं, फरक ४० मिलिमीटर, पण गाडी वर उचलली जाते २० मिलिमीटरच, कारण उरलेली वाढ वरच्या बाजूला मडगार्डच्या पोटात जाते. आणि त्या २० मिलिमीटरसाठी गाडीचं सगळं गिअरिंग जवळपास ६ टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ तेवढी कमी पडते, १.५ लिटरच्या इंजिनाला ते चढावर लगेच जाणवतं, जिथे तिसऱ्यावर निघायची तिथे दुसरा टाकावा लागतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५च्या आसपास असू शकते. ओडोमीटरही कमी मोजतो, १००० किलोमीटर फिरलात तर ९४५ दाखवणार, त्यामुळे मोठे टायर टाकल्यावर मायलेज एकदम पडलं अशी जी तक्रार असते त्यातला काही भाग निव्वळ मोजणीतला असतो. खरं मायलेज काढायचं तर जीपीएसवरचं अंतर धरा.

त्या २३५च्या बाबतीत अजून एक गोष्ट जी काउंटरवर कोणी बोलत नाही. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे, आणि या साइझच्या टायरला साधारण ६ इंच आणि पुढे रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर बसतो, हवाही धरतो, पण मध्ये फुगतो, रस्त्याला नीट टेकत नाही, नक्षी मधूनच झिजते, आणि कच्च्यात हवा कमी केली की रिमवरून निसटायची भीती वेगळी. २१५/७५ आर १५, जे बोलेरोला येतात, ते साडेपाचच्या रिमवर चालतात आणि उंचीत फरक दीड टक्क्याचाच पडतो. जिम्नीवाल्यांनी तिथवर थांबावं असं मला वाटतं.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही बघा. टायरवर साइझच्या पुढे ९६एस, १०४टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आकडा घेऊ नका, मग टायर कितीही दणकट दिसू दे. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायर घेतला तर तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते, दरवाज्यावरच्या स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही, हेही दुकानात विचारून घ्या.

आता घासण्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानात गाडी सपाट फरशीवर असते, पोरगा स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून दाखवतो, "बघा दादा, कुठे लागत नाय," आणि आपण पैसे देऊन मोकळे. पण टायर घासतो तो सस्पेन्शन दबल्यावर. त्यामुळे एक पुढचं चाक जाड फळ्यांवर नाहीतर रॅम्पवर चढवा, टायरच्या खांद्याला आणि बाहेरच्या कडेला खडू चोळा, मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करून गाडी हळू पुढेमागे घ्या. रिव्हर्समध्ये नक्की करा, तेव्हाच मडफ्लॅप लागतं. मग टॉर्च घेऊन खाली बसा आणि आतल्या प्लास्टिकवर, बंपरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर, आतल्या बाजूला स्टॅबिलायझर बारवर (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्यावर) कुठे पांढरं उमटलंय ते बघा. उमटलं असेल तर घाटातल्या वळणावर चार माणसं बसलेली असताना तिथे टायर लागणारच. नंतर दुसऱ्या चाकालाही हेच.

घासतंय म्हणून मग स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) टाकून चाक बाहेर काढायचं, किंवा कमी ऑफसेटची, म्हणजे चाक जास्त बाहेर बसवणारी रिम घ्यायची, हा उपाय मला अजिबात पटत नाही. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर लोड वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, आणि चिखल थेट दरवाज्यांवर उडतो. रिम बदलायचीच असेल तर पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट हे तिन्ही कंपनीच्या रिमशी ताडून बघा, आणि नटची बैठक निमुळती आहे की गोल तेही, कारण चुकीचा नट घट्ट वाटतो पण धरत नाही.

एमटी (मड टेरेन, चिखलाचे) की एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) टायर यावर जास्त लिहीत नाही. एमटीची नक्षी मोठमोठ्या मोकळ्या जागांची असते, चिखलात मस्त, पण ओल्या डांबरी-काँक्रीट रस्त्यावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक लांब लागतो. पाम बीच रोडवर जूनच्या पहिल्या सरीत पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तर तो फरक कळतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला एटी घ्या.

स्टेपनी विसरू नका! चार नवे घेतले आणि मागे जुना लहानच ठेवला, हे सर्रास दिसतं. थार-जिम्नीच्या फोर बाय फोरमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये, पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात, त्यात स्टेपनी लावल्याने एक चाक लहान असेल तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. पाचही एकाच साइझचे घ्या, आणि मोठी जड स्टेपनी मागच्या दारावर लटकणार आहे तर दाराच्या बिजागरीवर लक्ष ठेवा.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय, आणि १८२अ खाली मालकाला एका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला देते ती साइझ घेतली की आरटीओ, इन्शुरन्स कुठेही वाद घालायची वेळ सहसा येत नाही.

टायर बसवून झाले आणि त्रास सुरू झाला, तर आधी हे बघा. ८०-९०ला स्टिअरिंग थरथरतंय तर बॅलन्सिंग परत करून घ्या, नवीन अलॉय असेल तर मधलं भोक हबवर नीट बसलंय का तेही तपासा, ढिलं असेल तर रिंग मिळते. गाडी एका बाजूला ओढतेय तर हवा मोजून मग अलाइनमेंट. नक्षी मधून झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजली तर कमी, फक्त आतल्या कडेला झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने परत घट्ट करायचे, पायाने पाना दाबून नाही. आणि एबीएस किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून राहिला तर चारही टायरची साइझ आणि झीज सारखी आहे का ते आधी बघा, मग सेन्सरवर खर्च करा.