बॉयकट वाढवताना मानेवर शेपटी येते? माझा अनुभव

इंदूरचा मे सोसवेना म्हणून कंबरेपर्यंतचे केस एका दुपारी बॉयकट केले, आणि घरी येऊन आरशासमोर रडले. वाढवायला घेतले तर चौथ्या महिन्यात मानेवर शेपटी, कानांवर पंख आणि माथ्यावर आखूडच.

कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या, राजवाड्याजवळून आणलेलं तेल: फरक शून्य. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटरच वाढतात. सगळीकडून ट्रिम केलं, तर झालेली वाढही गेली.

उपयोग झाला तो याचा. दर ६ आठवड्यांनी फक्त मानेवरचे केस कापायचे. पार्लरमधल्या ताईंना केस ओले करण्याआधीच बोटाने रेष दाखवायची. ओले केस लांब दिसतात आणि जास्त कापले जातात. माथ्याच्या, बाजूच्या केसांना कात्री नाही. माथ्याचे केस मागे विंचरल्यावर मानेवरच्या टोकांना टेकले की हे कापणंही बंद. तोवर कानामागे दोन पिना फुलीसारख्या, नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवून. सुळसुळीत केसांत एरवी पिन टिकत नाही.

चौदाव्या महिन्यात हनुवटीपर्यंत सरळ बॉब झाला. गेल्या आठवड्यात आईने पहिल्यांदा छोटी वेणी घातली.