पापक्षमा मागितली, तरी मन खातंय?

एकाच पापाची क्षमा वर्षानुवर्षं मागत राहणारे विश्वासणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पश्चात्तापात खोट नसते. देव आज थोडी क्षमा करतो आणि उरलेली आपलं वागणं बघून देतो, अशी समजूत मनात घर करून बसलेली असते, एवढंच. इब्री लोकांस पत्राचा १० वा अध्याय नेमका यावरच बोलतो: याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करत असे, ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. निवासमंडपाच्या (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूच्या) सामानात मेज आहे, समई आहे, वेदी आहे. याजकाला बसायला मात्र काही नाही, कारण त्याचं काम संपतच नसे.

तेव्हा कबुली कशी करायची? पापाचं नाव घ्या. ‘काही चुकलं असेल तर क्षमा कर’ यात कबूल असं काहीच केलेलं नसतं. ‘वाटणीच्या हिशेबात मी भावाशी खोटं बोललो आणि त्याचे पैसे ठेवून घेतले’ ही कबुली. वाक्यात ‘पण’ आलं की थांबा. तिथून पुढे वकिली सुरू होते. शौल राजाने ‘मी पाप केलं’ म्हटलं, पण देवाची आज्ञा मोडून मेंढरं राखल्याचा दोष लोकांवर ढकलला आणि वर वडीलधाऱ्यांसमोर मान राखण्याची विनंती केली (१ शमुवेल १५). व्यभिचार आणि खून केलेला दावीद राजा जाब विचारायला आलेल्या नाथान संदेष्ट्याला एवढंच म्हणाला, की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. नाथानाचं उत्तर त्याच वचनात आहे: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे (२ शमुवेल १२:१३). मध्ये परीक्षेचा काळ नाही.

मग १ योहान १:९ हळू वाचा. आपण पापं पदरी घेतली, तर देव क्षमा करतो आणि सगळ्या अनीतीपासून शुद्ध करतो. का? तो दयाळू आहे म्हणून, असं आपण पटकन म्हणून जातो. वचनात मात्र ‘विश्वसनीय व न्यायी’ असे शब्द आहेत. मोल ख्रिस्ताने भरलं आहे, म्हणून तेच पुन्हा तुमच्याकडून वसूल करणं न्यायाला धरून होणार नाही. म्हणजे क्षमा देवाच्या त्या दिवसाच्या मर्जीवर टांगलेली नाही, आणि तुमच्या रडण्यावर तर नाहीच. डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून कबुली वाया जात नाही.

सगळी पापं आठवत नाहीत, ही भीती काढून टाका. स्तोत्र १९ मध्ये दावीद नकळत घडलेल्या दोषांतूनही मुक्त कर, असं एकाच वाक्यात मागून मोकळा होतो. कॅथलिक पापनिवेदनाचा (याजकाजवळ केलेल्या कबुलीचा) नियमही स्पष्ट आहे: गंभीर पाप विसरलं, तर त्याचीही क्षमा इतरांबरोबर झालेली असते, पुढच्या वेळी ते सांगायचं. जाणूनबुजून लपवलं, तर मात्र ते निवेदनच व्यर्थ ठरतं.

भरपाई यानंतर. गणना ५:७ प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे १०० चे १२०. लूक १९ मधला जकातदार जक्कय फसवून घेतलेल्याच्या चौपट द्यायला निघाला, पण येशू त्याच्या घरी उतरला तो त्याआधी. हा क्रम उलटला की भरपाई लाच होते. आणखी एक सावधगिरी: कुणाविषयी नुसता मनात द्वेष धरला होता आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नाही, तर आपलं ओझं उतरवायला त्याच्याकडे जाऊन ते सांगू नका. ते देवाजवळच ठेवा.

परिणाम उरले म्हणजे क्षमा अर्धवट राहिली, असा अर्थ काढू नये. दाविदाला क्षमा झाली, तरी त्या व्यभिचारातून जन्मलेलं मूल गेलं. कायद्याची शिक्षा टळत नाही, गमावलेला विश्वास कमवायला वेळ लागतो. दोष गेल्यावरही पापाची काही काळापुरती शिक्षा भोगायची उरते का, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं एकमत नाही. दोष पुरता जातो, यावर आहे.

जुनी आठवण परत आली, तर पुन्हा क्षमा मागू नका, झालेल्या क्षमेबद्दल आभार माना. तेच पाप पुन्हा घडलं, तर आजच्याची आज कबुली द्या. जुनं खातं उघडू नका. पवित्र आत्मा ठरावीक कृतीवर बोट ठेवतो आणि परतीची वाट दाखवतो. ‘तू आहेसच असला’ असं मोघम टोचत राहणारा आवाज त्याचा नसतो.

एक गोष्ट मात्र क्षमेच्या आड येते: आपण दुसऱ्याला क्षमा न करणं. मत्तय १८ मधल्या येशूच्या दाखल्यातल्या दासाला धन्याकडून १०,००० तालांत माफ झाले आणि त्याने १०० दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा, म्हणजे फरक सहा लाख पटींचा. धन्याने ती माफी फिरवली, हेही तिथेच लिहिलं आहे. त्यावर पांघरूण घालू नये. क्षमा करणं म्हणजे फसवणाऱ्याच्या हाती पुन्हा किल्ल्या देणं असा अर्थ नाही, फक्त सूड सोडायचा.

कबुलीचं चक्र तरीही थांबत नसेल, तर तो मनाचा आजारही असू शकतो. पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा इथे याच फेऱ्यात अडकला होता. अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग, असं त्याला बजावण्यात आलं, आणि त्याला तर सगळंच स्पष्ट वाटे, त्यामुळे उपयोग झाला नाही. जुनं काहीच सांगायचं नाही, असं ठरवल्यावर सुटका झाली. म्हणून अशा माणसाला सल्ला देताना अपवाद ठेवू नका.