कवेलूच्या छताखालचा माळा रात्रीही तापतो? आमच्याकडे हे चाललं

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, कवेलूचं छत, माळ्याची खोली केलेली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की मध्यरात्रीपर्यंत छत आग ओकायचं. कवेलूंना चुना मारला, थोडा फरक. थर्माकोलचं सीलिंग, जवळपास शून्य. कूलरने नुसता दमटपणा वाढवला. अख्खा उन्हाळा चिडचिडीत गेला.

उपाय लागू पडला तो याच क्रमाने. आधी माळ्याच्या तुळया इंजिनिअरला दाखवल्या. माळा सामानासाठी बांधलेला असतो, पलंग-कपाटांसाठी नाही. फुटके कवेलू बदलले. वळचणीला आणि आढ्याजवळ जाळीचे झरोके काढले, म्हणजे कवेलूंखालची तापलेली हवा वरून निघून जाते. मग वाशांच्या खालून ॲल्युमिनियम फॉइल ताणून ठोकलं, चकाकती बाजू खाली. वर ठेवली तर धूळ बसून ती निकामी होते. फॉइलखाली २५ मिमी पोकळी (ही सोडलीच पाहिजे, नाहीतर फॉइलचा उपयोग नाही), त्याखाली ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णता अडवणारी गादी), शेवटी जिप्सम बोर्ड. मिस्त्री पोकळी बुजवायला बघतो, समोर उभे राहा.

कूलरच्या समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा बसवला. दमटपणाही गेला.