पिवळ्या धातूची बोरमाळ आणि पंचनामा

हवालदार असताना एका घरफोडीच्या पंचनाम्यात मी ‘सोन्याची बोरमाळ’ असं लिहिलं होतं. चार वर्षांनी साक्षीला उभा राहिलो. बचावाच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, “हवालदारसाहेब, तुमची सराफी पेढी आहे का?” कोर्टात हशा पिकला. तेव्हापासून सहायक फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी ‘पिवळ्या धातूची’ असंच लिहिलं. वजन घालायचं असेल तर पंचांसमक्ष सराफाकडून करून घ्यायचं. तसंच ‘रक्त’ नाही, ‘रक्तासारखे तांबडे डाग’. ते रक्त आहे की पानाची पिंक, हे प्रयोगशाळा सांगेल.

नव्या अंमलदारांना मी आधी एवढंच विचारायचो: हे तू पाहिलंस, की तुला कुणी सांगितलं? ‘चोरट्यांनी कुलूप तोडून आत प्रवेश केला’ हे फिर्यादीत चालतं, पंचनाम्यात नाही. तू तिथं नव्हतास बाबा. तू पाहिलंस ते असं: कडीकोयंडा उचकटलेला, कुलूप कोयंड्यासह उंबऱ्याबाहेर पडलेलं, कपाटाचं दार उघडं. जागा फिर्यादीने दाखवली असेल तर ‘फिर्यादीने दाखवल्यावरून’ हे शब्द घालायचे.

‘डावीकडे’ कधी लिहू नका. कुणाच्या डावीकडे? दिशा लिहा, चतुःसीमा म्हणजे जागेच्या चारही दिशांना काय आहे ते लिहा आणि टेप खिशात ठेवा. ‘कपाट दारापासून जवळच’ यापेक्षा ‘उंबऱ्यापासून ७ फूट ४ इंच’ हे कोर्टात जास्त टिकतं.

वेळेचं मात्र सांभाळा. पंचनामा सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ घड्याळ बघून लिहायची, ठाण्यात परतल्यावर आठवून नाही. आमच्या एका सहकाऱ्याचा पंचनामा १८.१० ते १८.५५ असा होता आणि स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, तोच गडी १८.४० ला ठाण्यात हजर. गाव ११ किलोमीटरवर! उलटतपासणीत त्याला पाणी मागायची वेळ आली.

पंच म्हणून दरवेळी ठाण्यासमोरचा चहावाला उचलू नका. कोर्टात त्याला ‘याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?’ असं विचारतातच. मजकूर पंचांना वाचून दाखवा, प्रत्येक पानावर सही घ्या, खाली कोरी जागा राहिली तर तिरकी रेघ मारा. चुकलेला शब्द एका रेघेने खोडायचा, वर दुरुस्ती, शेजारी छोटी सही. व्हाइटनरची बाटली टेबलावर दिसली की मी ती उचलून कचऱ्यात टाकायचो.

फिर्याद लिहिताना उलटं. तिथं तुमची भाषा नको, सांगणाऱ्याची हवी. म्हातारी म्हणाली, ‘दिस मावळायच्या टायमाला’, तर तसंच लिहा. ‘सायंकाळी ठीक ७.०० वाजता’ असं केलंत की उद्या ती कोर्टात म्हणणार, मला घड्याळच कळत नाही. शिवी दिली असेल तर ती शिवी लिहा, ‘अश्लील शिवीगाळ केली’ यावर भागवू नका. फिर्याद द्यायला उशीर झाला असेल तर का झाला, हेही तिच्याच तोंडून येऊ द्या. आणि ‘सदर इसमाने सदर इसमास’ हे एकदाचं सोडा. तीन भावांच्या मारामारीत सदर कोण, हे लिहिणाऱ्यालाही चार दिवसांनी कळत नाही. नाव लिहायला शाई फार लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आला. एफआयआर पूर्वी जुन्या कायद्याच्या कलम १५४ खाली व्हायची, आता नव्याच्या कलम १७३ खाली होते. साक्षीदाराचा जबाब १६१ चा १८० झाला, पण त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, हे जुनंच. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. त्यामुळे कागदावर ‘निळी पिशवी’ आणि मोबाइलच्या चित्रीकरणात हिरवी, असं झालं तर आता लपत नाही. कागद पुरा करायच्या आधी चित्रीकरण एकदा बघून घ्या.

आता सगळं संगणकावर, म्हणून जुन्या पंचनाम्याची फाइल उघडून नुसती नावं बदलायची खोड लागली आहे. निवृत्तीच्या वर्षी माझ्यापुढे असाच एक पंचनामा आला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि दक्षिणेस ‘फिर्यादीचा जनावरांचा गोठा’. दोन्ही पंचांनी खाली सह्याही केल्या होत्या.