बीपी चढलं की आधी लघवीची नळी बघा

हे हापूसच्या कलमावरून पडले, छातीचा चौथा मणका मोडला. तेव्हापासून छातीखालचं त्यांना काही कळत नाही, लघवीला कायमची नळी. एरवी बीपी १००/६०. एका दुपारी म्हणाले, डोकं फुटतंय गं. चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम टपटपतोय आणि पाय बर्फासारखे गार. मशीनवर १९०/११०, नाडी मात्र मंद. दवाखान्यात बीपी वाढलंय म्हणून आडवं निजवलं, तर ते आणखी चढलं. नळी मांडीखाली दुमडली होती, एवढंच.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा झालेलं माणूस घरात असेल तर हे पाठच करा.

आधी उठवून बसवा, पाय खाली सोडा. रक्त पायांकडे उतरतं, दाब थोडा हटतो. नाडा, पट्टा, बूट सैल करा. मग नळी अंगापासून पिशवीपर्यंत बोटांनी चाचपत या. पीळ आहे का, कुठे दबलीय का, पिशवी तुडुंब भरलीय का? नळी सरळ असूनही लघवी उतरत नसेल तर आत गाळ अडकलाय. शिकवलेलं असेल तर अंगाइतकं कोमट सलाइन १०-१५ मिली, हळूच सोडा. तरी उतरलं नाही तर नळी बदलायलाच हवी. ओटीपोट मुळीच दाबू नका, त्याने बीपी आणखी उसळतं.

असं का होतं? ताणलेल्या मूत्राशयातल्या नसा मज्जारज्जूतून निरोप वर धाडतात. तो इजेपाशी अडतो, पण वाटेत रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांना चेतवून जातो. मेंदूला दाब वाढल्याचं कळतं, तो हृदय मंद करतो. 'वाहिन्या सैल सोडा' हा त्याचा हुकूम मात्र इजेखाली पोचत नाही. म्हणून वर घाम नि लाली, खाली गारठा. धडधाकट माणसाचंही बीपी लघवी तुंबली की थोडं वाढतंच, म्हणून मोजण्याआधी जाऊन यावं.

दर पाच मिनिटांनी बीपी घ्या. मोकळं झाल्यावर ते झपकन उतरतं, तेव्हाही जवळच थांबा. लघवी उतरूनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नसेल तर मलावरोध, पाठीचं क्षत, बोटात रुतलेलं नख अशी कारणं असतात. घरी शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

मी ह्यांच्या खिशात कायम चिठ्ठी ठेवते: 'नेहमीचं बीपी १००/६०. आडवं करू नका, नळी बघा.'