ब्रेन ट्यूमरच्या ऊतीतलं ग्लुटाथायोन मोजताना

ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाच्या) पेशी रेडिएशनचा ऑक्सिडेटिव्ह ताण सोसतात, त्यात ग्लुटाथायोनचा, म्हणजे पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या छोट्या रेणूचा, मोठा वाटा असतो. ते मोजताना बहुतेक घोटाळे यंत्रापाशी पोचण्याआधीच होतात.

ट्यूमरचा तुकडा हातात येताच गार सलाइनमध्ये झटकन धुवा. लाल पेशींत ग्लुटाथायोन भरपूर असतं. रक्त राहिलं की आकडा फुगतो. मृत गाभा काढून टाका आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. साठवण उणे ८०° सेल्सिअसला.

५० मिलिग्रॅम ऊती ५०० मायक्रोलिटर गार ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात बर्फावरच घोटा. साध्या बफरमध्ये मुळीच नको. त्यात एन्झाइमं चालू राहतात, ग्लुटाथायोनचं ऑक्सिडीकरण होत राहतं आणि नसलेला ताण दिसू लागतो. ४° ला सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा. खालचा साका फेकू नका. तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून प्रथिनं मोजा, म्हणजे नमुन्यांची तुलना करता येते.

वरचा द्रव फॉस्फेट बफर (पीएच ७.५), डीटीएनबी (ग्लुटाथायोनशी मिळून पिवळा रंग देणारं रसायन), ताजं एनएडीपीएच आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज (एनएडीपीएच वापरून ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन पुन्हा मूळ रूपात आणणारं एन्झाइम) यांच्या मिश्रणात घाला. ४१२ नॅनोमीटरला ५ मिनिटं दर मिनिटाला वाचन घ्या. प्रमाणित द्रावणं त्याच आम्लात बनवा. नमुन्यात आम्ल जास्त झालं तर पीएच घसरतो आणि पिवळा रंग नीट चढत नाही.

हे झालं एकूण ग्लुटाथायोन. ऑक्सिडीकृत भाग वेगळा हवा असेल तर वरच्या द्रवाच्या दुसऱ्या वाट्यात ट्रायएथॅनोलअमाइनने पीएच ६ ते ७ ला आणून २-व्हिनिलपायरिडिन घाला, तासभर थांबा. ते ऑक्सिडीकृत नसलेलं ग्लुटाथायोन बांधून ठेवतं, मग हीच मोजणी फक्त ऑक्सिडीकृत भाग दाखवते. हे काम फ्यूम हुडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा, २-व्हिनिलपायरिडिन विषारी आहे.