नदीचं नवं पात्र आखताना गाळाचा हिशेब

नदीच्या नव्या पात्राचं काम हाती आलं की नवशिके आधी मॅनिंगचं सूत्र काढतात; पात्रातून किती पाणी वाहील ते त्यावरून कळतं. ते यायलाच हवं, पण त्यातला खडबडीतपणाचा गुणांक, म्हणजे तळ आणि काठ पाण्याला किती अडवतात तो आकडा, हलक्यात घेऊ नका. तळाची रुंदी 20 मीटर, पाण्याची खोली 2 मीटर, काठांचा उतार उभ्याला एक आणि आडव्याला दोन, तळाचा उतार 1:1000 असं पात्र घ्या. गुणांक 0.030 धरला तर विसर्ग, म्हणजे वाहणारं पाणी, सेकंदाला सुमारे 71 घनमीटर येतो. काही वर्षांत काठावर झुडपं माजून तो 0.050 झाला, की त्याच पात्रात 43 घनमीटरही मावत नाही. म्हणून हिशेब झुडपं वाढलेल्या पात्राचा करा.

यानंतर गाळ. वळणं कापून पात्र सरळ केलं की लांबी घटते, उतार वाढतो, तळ खरवडला जातो आणि ती धूप वरच्या अंगाला सरकत पुलांच्या पायांपर्यंत पोहोचते. उलट पात्र फार रुंद ठेवलं तर वेग मंदावून गाळ तिथेच बसतो. फ्लोरिडातली किसिमी नदी सुमारे 166 किलोमीटर वळणं घेत वाहायची. 1962 ते 1971 मध्ये तिचा 90 किलोमीटरचा कालवा केला. पाणथळ जमिनी सुकल्या, पाणपक्षी गेले. मग 1999 ते 2021 कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं जोडावी लागली.

कच्च्या आराखड्यासाठी दोन वळणांच्या एका जोडीची लांबी काठोकाठ रुंदीच्या 10 ते 14 पट आणि वळणाची त्रिज्या 2 ते 3 पट धरा. मधलं पात्र साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा काठोकाठ भरेल इतकंच ठेवा. मोठ्या पुरासाठी दोन्ही अंगांना सखल, रुंद पट्टे सोडा.

नवं पात्र मुख्य नदीतून फाटा म्हणून निघत असेल, तर सगळ्यात जास्त विचार त्या फाट्याच्या तोंडाचा करा. तळालगतचं संथ पाणी वाळूसकट फाट्याकडे आधी वळतं, त्यामुळे पाण्याच्या वाट्यापेक्षा वाळूचा वाटा जास्त येतो आणि तोंड बुजतं. व्हिएन्नात 1972 ते 1988 मध्ये खोदलेल्या 21 किलोमीटरच्या नव्या डॅन्यूबच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पुराच्या फाट्याच्या, तोंडाशी दारांचा बंधारा आहे. तो पुरातच उघडतात. खोदाईच्या मातीतून शेजारी लांबलचक बेटही उभं राहिलं. मातीची जागा अशी आराखड्यातच ठरवा.

खोदाई कोरड्यात, दोन्ही टोकांना मातीचे आडबांध राखून करा. काठावर काथ्याची जाळी अंथरून गवत रुजू द्या. पाणी सोडताना आधी खालचा आडबांध काढा: खालून मागे चढणाऱ्या पाण्याच्या फुगवट्याने पात्र हळू भरतं, काठ ढासळत नाहीत. वरचा नंतर, नदी कमी असताना. जुनं पात्र बंद करणार असाल तर आधी त्यातले मासे हलवा. पात्राच्या आडव्या छेदांच्या मोजणीरेषा दाखवणारे पक्के खुंट काठापासून दूर रोवा; पहिल्या पुरानंतर त्याच रेषांवर पुन्हा मोजणी करायची आहे.